उजव्या पायाची बाहेरची कड

बुधवारी सकाळी सव्वानऊला ब्रिएल गॅन्योंने बर्फाच्या रिंकवरच्या खिडकीच्या फळीवर आधी स्केट ठेवले आणि मग त्यांच्याशेजारी एक कागद ठेवला. आवाज झाला तो स्केटांचा, पण लॉरेट दचकली ती कागदाने. स्केट येतच असतात. एकेचाळीस वर्षं ते या खिडकीतून आत येतात, आणि लॉरेट त्यांच्या पात्यांना धार लावून ते परत बाहेर देते. कागद मात्र कुणी ठेवत नाही. तिने चष्मा न लावताच पाहिलं. वर टाइप केलेल्या चार ओळी, खाली सह्या, प्रत्येक सही वेगळ्या शाईत, थोडी तिरपी, जशा गर्दीत एकमेकींच्या पाठीवर कागद धरून केलेल्या सह्या असतात तशा. सगळ्यांत वरची सही मोठी आणि सरळ होती. ती वाचायला चष्म्याची गरज नव्हती. असा कागद घेऊन फिरणारीचीच सही सगळ्यांत वर असते, हे लॉरेटला माहीत होतं.

"धार ना?" तिने विचारलं.

"धार. आणि एक सही हवीय, मेमे."

मेमे म्हणजे आजी. लॉरेटच्या लहानपणी घरात फ्रेंच चालायची आणि मेमे होती ती वडिलांची आई, काळ्या झग्यातली, शनिवारी घेवड्याचं मडकं भट्टीत ठेवणारी. लॉरेटची स्वतःची दोन नातवंडं दूर ओरेगॉनला असतात आणि फोनवर तिला ग्रॅनी म्हणतात. पण इथे रिंकवर वीस-वीस वर्षांच्या मुली आणि दाढ्या राखलेले पोरगे तिला मेमे म्हणतात. कुणी सुरू केलं ते आता तिलाही आठवत नाही.

"कसली सही?"

"आम्हाला क्लबातून वर जायचंय. व्हर्सिटी व्हायचंय, कॉलेजचा मानाचा संघ. आज तीनला कॉलेजच्या समितीची बैठक आहे. संघाचा दर्जा काय, यावर त्यांना बाहेरच्या जाणकार माणसाचं मत हवंय. हे बघा, एकच प्रश्न आहे. संघ व्हर्सिटीच्या तोडीचा आहे का? हो किंवा नाही. खाली दोन ओळी."

"मी कुठे बघते खेळ? मला इथून फक्त पेनल्टीचा बाक दिसतो."

"नॉर्म म्हणतो, तुम्ही न बघताच जास्त सांगता."

"नॉर्मला उद्योग नाहीत."

"ऐकलं हां मी!" पलीकडून, बर्फ सारवायच्या गाडीच्या मागून, नॉर्म ओरडला.

ब्रिएल हसली. तिचा चेहरा रुंद, गालांवर थंडीचे लाल डाग, केस एका पेन्सिलीने वर खोचलेले. ती तिसऱ्या वर्षाला होती आणि मुलींच्या आइस हॉकी क्लबची कप्तान. तिने फोन पुढे केला. "तीन आठवड्यांपूर्वीचा सामना. त्या बर्फवादळात दुसऱ्या कॉलेजच्या व्हर्सिटीवाल्या मुलींचा प्रतिस्पर्धी संघ वाटेतच अडकला होता, आठवतं? त्या आमच्याशी खेळल्या. खऱ्याखुऱ्या व्हर्सिटीच्या मुली. तीन-दोनने हरलो आम्ही, फक्त एका गोलने! दुसरा गोल माझा. बघा. फोन राहू दे तुमच्याकडे, मला आता प्रयोगशाळेत तसाही नेता येत नाही. दोनला येते."

ती गेली. तिच्या बुटांचे ओले ठसे दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. लॉरेटने कागद बाजूला सरकवला, त्यावर तेलाची बाटली ठेवावी की नाही याचा क्षणभर विचार केला आणि ठेवली नाही. उजवा स्केट उचलून तिने तो उलटा केला. पात्याच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा, एक आतली, एक बाहेरची. माणूस बर्फावर उभा असतो तो या दोन कडांवर, पात्यावर नाही, हे खेळणाऱ्यांतल्याही निम्म्यांना माहीत नसतं. लॉरेट अंगठ्याचं नख कडेवरून आडवं ओढते. कड जागी असेल तर नखाचा पांढरा भुगा निघतो, मेली असेल तर नख नुसतं घसरतं. आतली कड पार गेलेली होती. तीन आठवड्यांची, ठीकच आहे. मग बाहेरची. भुगा निघाला. टाचेपासून चवड्यापर्यंत तिने तीन ठिकाणी पाहिलं. तिन्ही ठिकाणी, जणू काल रात्री या खिडकीतून धार लावून गेल्यासारखा, पांढरा बारीक भुगा. तिने डावा स्केट पाहिला. त्याच्या दोन्ही कडा झिजल्या होत्या. म्हणजे पोरगी डावीकडे वळते, जोरात वळते, आणि उजवीकडे कधी वळतच नाही. वळायची वेळ आली की थांबते, किंवा अख्खं वर्तुळ डावीकडून मारते. लॉरेटने धारेचं चाक सुरू केलं नाही. स्केट मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

क्लब आणि व्हर्सिटी यांत कोण किती पाण्यात, हा वाद या रिंकवर रोजचा आहे. नॉर्मला त्यात फार रस. मुलग्यांचे दोन्ही संघ आहेत, मानाचा एक आणि हौशी एक; मुलींचा फक्त हौशी. व्हर्सिटीला कॉलेज कोच देतं, बस देतं, जर्सी धुऊन देतं. क्लबवाले स्वतः जमतात, पहाटेची वेळ मागून घेतात, आपापल्या गाड्यांतून तीन-तीन तास सामन्याला जातात आणि जर्सीचा वास घरच्यांना सोसावा लागतो. नॉर्मचं म्हणणं, आळीपाळीने बर्फावर उतरणाऱ्या फळ्यांतल्या पहिल्या समोरासमोर ठेवल्या तर फारसा फरक नाही. क्लबच्या वरच्या पाचसहा पोरांना व्हर्सिटीची जर्सी घातली तर कुणाला कळणार नाही. फरक खाली आहे. व्हर्सिटीची चौथी फळी बर्फावर उतरली तरी खेळाचा वेग तोच राहतो, आणि क्लबला मुळात चौथी फळीच नसते. त्यांची पोरं एका खेपेला दीड मिनिट बर्फावर राहतात, बदली मिळत नाही म्हणून, आणि तिसऱ्या भागात त्यांचे पाय लाकडाचे होतात. लॉरेटला हे सगळं पटायचं, पण तिची मोजायची रीत वेगळी होती. व्हर्सिटीची मुलं आठवड्यातून तीनदा धार लावून घेतात आणि त्यांच्या चारही कडा सारख्या झिजलेल्या असतात. चारही. क्लबवाल्यांच्या आतल्या दोन झिजतात, बाहेरच्या दोन कशाबशा. तिच्या पत्र्याच्या डब्यात प्रत्येकाचं एक कार्ड होतं, पन्हळ किती खोल हवी, कोणता पाय जड पडतो, आणि ती कार्डं ती न वाचता सांगू शकायची. मुलींच्या क्लबच्या एकवीस जणी. तिने मनातल्या मनात एकेकीची पाती उलटी करून पाहिली. एक, दोन, गोलरक्षक धरून तीन. ती चौदा नंबरची उंच मुलगी, मॅरेन. तिच्या कडा पाहून तर लॉरेटने एकदा नॉर्मला विचारलं होतं की ही इथे काय करतेय. चार. मोजणी नऊवर थांबली. पुन्हा मोजलं. नऊच.

ब्रिएल नऊत नव्हती. ती पंधरातही नव्हती. ती कप्तान होती, कारण बर्फाची वेळ मागणारी ती होती, हॉटेलांना फोन करणारी ती होती, कुणाच्या गाडीत कोण बसेल याची यादी तिच्याकडे असायची. क्लबात कप्तान अशीच होते. व्हर्सिटीत ही सगळी कामं पगारी माणसं करतात.

लॉरेटचं माहेरचं आडनाव थिबोडो. वडील आर्माँ थिबोडो नदीकाठच्या जोड्यांच्या कारखान्यात चामडं कापायचे. कातडं बेतायची सुरी ते रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत दगडावर लावायचे आणि तिची धार डाव्या हाताच्या नखावर पाहायचे. लॉरेट नख ओढायला त्यांच्याकडूनच शिकली. टेकडीवरच्या कॉलेजात जाणारी ती गल्लीतली पहिली मुलगी. तिथे तिला कॉनी बिकफर्ड भेटली. बिकफर्ड म्हणजे जुने इंग्रज, समुद्रकाठचे, बोलायला शब्द मोजून वापरणारे. कॉनीला सहा भाऊ होते आणि ती त्यांच्याशी तळ्यावर खेळून मोठी झाली होती. पहाटे साडेपाचला बर्फ मोकळा असायचा. तेवीस मुली, भावांचे जुने स्केट, कुणाच्या डोक्यावर शिरस्त्राण, कुणाला नुसती लोकरीची टोपी. लॉरेटच्या स्केटांना वडील धार लावून द्यायचे, रविवारी प्रार्थनेहून आल्यावर, स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून, त्याच दगडावर. चारही कडांवर सारखा दगड फिरवायचे. तेव्हा लॉरेटही कप्तान होती, कारण रिंकच्या किल्लीची जबाबदारी तिच्यावर होती. आणि अर्ज लिहिला तिनेच. मुलींच्या हॉकीला मानाच्या संघाचा दर्जा मिळावा. वरची सही तिची, मोठी आणि सरळ. कॉलेजने विचारलं, तुमचा दर्जा काय? तर चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत त्यांनी दर्जा दाखवून दिला. दक्षिणेकडून एक खराखुरा व्हर्सिटी संघ आला, सारख्या जर्सी, सारखे मोजे, स्वतःची बस. चार-तीनने त्यांना हरवलं. चौथा गोल लॉरेटचा. चकती कॉनीकडून आली, लॉरेट डावीकडे वळली, तिने मान वर न करता फटका मारला आणि जाळीचा आवाज आला, कोरडा, जसं कुणी शेजारच्या खोलीत चादर झटकावी तसा. त्या संध्याकाळी आर्माँ थिबोडोंनी आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजच्या माणसाशी हात मिळवला. आणि क्रीडाविभागाचे प्रमुख म्हणाले, "पोरींनो, तुम्ही जिंकलात."

जिंकल्याच त्या. उन्हाळ्यात कोच आला. त्याच्यामागे दुसऱ्या राज्यांतून, कॅनडातून, नव्या मुली आल्या. ऑक्टोबरात चार दिवस निवडचाचणी झाली आणि पाचव्या दिवशी सकाळी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर यादी लागली. जिचं नाव नाही तिने सरावाआधी आपली खुंटी मोकळी करायची, अशी पद्धत. कोणी बोलत नाही, कोणी समजावत नाही, यादीच बोलते. जुन्या तेवीसपैकी सात नावं होती. कॉनीचं होतं. लॉरेटचं नव्हतं. तिने वरून खाली वाचलं, मग खालून वर. कॉनी शेजारी उभी होती. कॉनीने यादी पाहिली, लॉरेटकडे पाहिलं, आणि मग खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. नाडी बांधलेलीच होती. लॉरेटने ती पाहिली होती, दुहेरी गाठ मारलेली. कॉनीने ती सोडली आणि पुन्हा बांधली, आणि ती बांधून होईपर्यंत लॉरेट आत जाऊन खुंटी मोकळी करून बाहेर आली होती. घाईत चिकटपट्टीची नवी गुंडाळी तिथेच राहिली. क्लब तर आता नव्हताच, क्लबचीच व्हर्सिटी झाली होती, पहाटे साडेपाचचा बर्फही त्यांचाच झाला होता. सोळा मुलींना खेळायला कुठे काही उरलं नाही. पुढे नऊ वर्षांनी कॉलेजने तो संघ बंद केला. तेव्हा लॉरेटला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे तिला स्वतःला नीट सांगता आलं नाही. ती त्याच्या पुढच्याच वर्षी या खिडकीत कामाला लागली.

तिला का काढलं हे तिला अकरा वर्षं कळलं नाही. तिची समजूत अशी होती की कॉनी बोलली असती तर झालं असतं. कॉनीचं कोच ऐकायचा. एक वाक्य, की ही पोरगी होती म्हणून हा संघ आहे. ते वाक्य कॉनीने म्हटलं नाही, नाडी बांधली. पंच्याऐंशी साली शेजारच्या मुलीला द्यायला म्हणून लॉरेटने माळ्यावरून आपले जुने स्केट काढले आणि धार लावायला मशीनमध्ये धरले. तोपर्यंत तिला पाती वाचता यायला लागली होती. वडिलांनी शेवटची धार लावून दिल्यावर ते स्केट त्या चार दिवसांच्या चाचणीत झिजले होते आणि मग तसेच माळ्यावर गेले होते. उजव्या पायाची बाहेरची कड नवीकोरी होती. तिने नख ओढलं आणि भुगा निघाला. अकरा वर्षांनंतर. चाक सुरू करून तिने चारही कडा सारख्या केल्या आणि स्केट मुलीला देऊन टाकले. कुणाला काही बोलली नाही. सांगण्यासारखं काय होतं? कॉनीवरचा राग मात्र त्या भुग्याबरोबर गेला नाही. राग जुना झाला की त्याला कारणाची गरज उरत नाही. नाताळला कार्डं जात राहिली, येत राहिली. तुझ्या सांध्यांचं कसं आहे, नातवंडं मोठी झाली असतील.

अकरा वाजता नॉर्म कॉफी घेऊन आला. त्याने कागद वाचला, ओठ हलवत.

"मग? हो की नाही?"

"तू सांग."

"त्या वादळातल्या सामन्यात मी होतो. दोन भागांपर्यंत बरोबरीने खेळल्या पोरी. तिसऱ्यात दम संपला. पण दम काय, सरावाने येतो. आठवड्यातून दोनदा खेळणारी आणि सहादा खेळणारी, कसं व्हायचं? व्हर्सिटी केलं की व्हर्सिटीच्या होतील."

"कोण होतील?"

नॉर्मने तिच्याकडे पाहिलं. तो तिला पस्तीस वर्षं ओळखत होता. "पोरी," तो म्हणाला, आणि मग, "कुणीतरी पोरी. अगं, एकदा दर्जा मिळाला की कॉलेज कोच आणणार, कोच आपल्या पोरी आणणार. ते तर आलंच."

"ते आलंच," लॉरेट म्हणाली.

नाही लिहावं, असा विचार तिच्या मनात आला आणि तो वाईट नव्हता. नाही लिहिलं तर क्लब राहील. ब्रिएलला शेवटचं वर्ष खेळता येईल, आपल्या संघात, आपल्या खुंटीवर. पण मग त्या नऊ जणींचं काय? मॅरेनचं काय, जिच्या चारही कडा सारख्या झिजतात? ती इथे धूळ खात पडेल किंवा कॉलेज बदलेल. आणि प्रश्न तर प्रामाणिक होता. तोडीचा आहे का? संघ नाही. नऊ मुली आहेत. कागदावर नऊ लिहायला जागा नव्हती.

तिने ब्रिएलचा फोन उचलला आणि तो तुकडा लावला. चित्र हलत होतं, कुणीतरी बाकावरून घेतलेलं, ओरडा फार. चौदा नंबरच्या मॅरेनकडे चकती आली. समोर मैदान मोकळं. ब्रिएल गोलच्या तोंडाशी, उजव्या बाजूला, एकटी, काठी आपटून चकती मागत होती. सरळ द्यायची होती. कुणीही सरळ दिली असती. मॅरेनने दिली नाही. ती गोलच्या मागून पूर्ण फेरी मारून गेली, अंगावर एकीला घेतलं, दुसरीला चुकवलं, आणि पलीकडच्या बाजूने चकती अशी सोडली की ब्रिएलला डावीकडेच वळावं लागलं. ब्रिएल वळली. मान वर न करता फटका. गोल. सगळ्यांनी ब्रिएलला मिठ्या मारल्या. मॅरेन शेवटी आली. लॉरेटने तुकडा पुन्हा लावला, आणि पुन्हा. चौथ्या वेळी ती ब्रिएलकडे पाहतच नव्हती, मॅरेनचे पाय पाहत होती. एवढी मोठी फेरी. एवढा त्रास. आणि मग तिला चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी दिसला, पण या वेळी बाकावरून, दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांनी. कॉनी गोलच्या मागून फेरी मारून येत होती. तीन वर्षांत कॉनीने तिला एकदा तरी उजवीकडे चकती दिली होती का? तिने आठवून पाहिलं. आठवेना. तळहात फळीवर टेकवून ती उभी राहिली, कारण बसलेलं बरं वाटेना.

कॉनी आता ऑगस्टाला, मुलीच्या घराशेजारी राहते. नंबर नाताळच्या कार्डावर होता. तीनदा वाजल्यावर तिने उचलला.

"कोण गेलं?" कॉनीने विचारलं.

"कुणी नाही. लॉरेट बोलतेय."

"ते कळलं. तू फोन केलास म्हणजे कुणीतरी गेलं असणार."

"कॉनी, एक विचारायचंय. मला उजवीकडे वळता येत नव्हतं. तुला माहीत होतं?"

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला.

"अगं लॉरी," कॉनी म्हणाली, "सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना?"

"रिंकवर पाणी मारणाऱ्या त्या म्हाताऱ्याला पण. तुझ्या वडिलांना तर पहिल्यांदा. ते एकदा मला जिन्यात भेटले, टोपी हातात घेऊन. इंग्रजी तोडकंमोडकं. म्हणाले, मिस, तिला डावीकडून दे. मला वाटलं, काय मागतोय हा माणूस. मग कळलं. मी दिली. तीन वर्षं दिली."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू किल्ली आणायचीस. तू सगळं करायचीस. तुला कोण सांगणार होतं?" कॉनी म्हणाली. "त्या दिवशी यादीसमोर मी सांगणार होते. तोंड उघडलं आणि ते आता सांगून काय उपयोग, असं वाटलं. आठ महिने आधी सांगायला हवं होतं. आठ महिन्यांत शिकली असतीस कदाचित. मग काय करावं ते सुचेना."

"म्हणून नाडी."

"काय?"

"काही नाही. तुझ्या सांध्यांचं कसं आहे?"

"वाईट," कॉनी म्हणाली. "तुझ्या?"

फोन ठेवल्यावर लॉरेटने जेवणाचा डबा उघडून डुकराच्या मटणाचं सारण भरलेली पोळी खाल्ली, थंडच. वडील वर्तमानपत्र पसरून बसलेले तिला दिसत होते. दर रविवारी ती कड त्यांच्या नखाखाली आली असणार. दर रविवारी भुगा निघाला असणार. आणि त्यांनी तिच्यावरही दगड फिरवला, बाकीच्या तीन कडांइतकाच, म्हणजे लॉरेटला दिसू नये. तिने पेन घेतलं. हो या शब्दापुढे खूण केली. खालच्या दोन ओळींत लिहिलं की ती एकेचाळीस वर्षं दोन्ही प्रकारच्या संघांची पाती पाहत आली आहे, आणि या संघातल्या मुलींना व्हर्सिटीचा दर्जा मिळणं योग्य आहे. सही केली. तिची सही अजूनही मोठी आणि सरळ होती. मग तिने ब्रिएलचा डावा स्केट मशीनमध्ये धरला. उजवा धरला नाही, त्याची फक्त आतली कड कानशीने सरळ केली. बाहेरची तशीच ठेवली.

दोनला दहा कमी असताना ब्रिएल आली. तिला कागदावरची खूण लांबूनच दिसली.

"मेमे! मला माहीत होतं! तुम्हाला मिठी मारू का?"

"थांब. आधी ऐक, मग तो कागद न्यायचा की नाही ते ठरव. हात दे इकडे."

लॉरेटने तिचा अंगठा धरला, जसा लहान मुलाचा धरतात, आणि नख त्या कडेवरून ओढलं. पांढरा भुगा निघाला.

"हे काय?"

"ही तुझ्या उजव्या पायाची बाहेरची कड. मी तीन आठवड्यांपूर्वी धार लावून दिली, तशीच्या तशी आहे. तू ती वापरतच नाहीस. तुला उजवीकडे वळता येत नाही."

"येतं की," ब्रिएल म्हणाली. तिने नखावरचा भुगा पाहिला. मग म्हणाली, "मला तशी गरजच पडत नाही."

"पडत नाही, कारण मॅरेन तुला पडू देत नाही. तुझा गोल पुन्हा बघ. तुझ्याकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ." तिने फोन परत केला. "दर्जा मिळाला तर ऑक्टोबरात यादी लागेल. एकवीसपैकी नऊ जणी टिकतील, माझ्या मते. तू त्यांत नाहीस. क्लब उरणार नाही. हे मी तुला मार्चमध्ये सांगतेय, कारण ऑक्टोबरात सांगून उपयोग नसतो."

ब्रिएलच्या गालांवरचे डाग पसरले. "मग तुम्ही हो कशाला लिहिलंत?"

"कारण त्या नऊ आहेत."

"आणि मी एवढं सगळं... हॉटेलं, गाड्या, हा अर्ज... मी कशाला मग?"

"मला विचारू नकोस. मीही केलं होतं."

ब्रिएलने तिच्याकडे पाहिलं, नीट, पहिल्यांदाच पाहावं तसं. पण तिने काही विचारलं नाही. विसाव्या वर्षी माणूस दुसऱ्याचं विचारत नाही. तिने कागदाला हात लावला नाही. स्केट उचलले, बाकावर बसून चढवले, नाड्या दातांनी ओढल्या आणि काठी न घेता बर्फावर गेली. रिंक रिकामी होती. लॉरेटला खिडकीतून फक्त पेनल्टीचा बाक दिसत होता. तिने बघायचा प्रयत्नही केला नाही, ऐकत राहिली. डावीकडचं वळण कसं ऐकू येतं ते तिला ठाऊक होतं, रेशीम फाडल्यासारखं एकसंध. ते एकदा आलं. मग थांबली. मग एक खरवड, दुसरी खरवड, आणि धप्प. शांतता. पुन्हा खरवड. पुन्हा धप्प. नॉर्म येऊन म्हणाला, "ती पोरगी काय करतेय? बर्फ खणतेय?"

"तू आज सारवायची घाई करू नकोस."

"पावणेतीनला मुलग्यांचा सराव आहे!"

"मुलगे थांबतील."

सात महिन्यांत हे जमेल असं लॉरेटला वाटत नव्हतं. तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. लहानपणी जो पाय घाबरला तो मोठेपणी फार तर घाबरणं लपवायला शिकतो. क्वचित एखादी शिकते. तिच्या डब्यात अशी दोन कार्डं होती, एकेचाळीस वर्षांत दोन. भिंतीवरचं घड्याळ अडीचवर आलं, मग दोन-चाळीसवर. खरवड, धप्प. एकदा मध्येच एक लांब आवाज आला, वेडावाकडा, पण तुटला नाही, आणि मग धप्प.

ब्रिएल आली तेव्हा तिची उजवी मांडी आणि उजवं कोपर पांढरं झालं होतं. केसांतली पेन्सिल गेली होती. तिने बाकावर बसून स्केट काढले, बुटात पाय घातले, नाड्या न बांधता उठली आणि फळीवरचा कागद घेतला. एकदा वाचला. घडी घालून जर्सीच्या आत ठेवला.

"वीस मिनिटं चढ आहे," ती म्हणाली.

"पळ मग."

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. उजवा स्केट तिने फळीवर ठेवला, उलटा. "याला धार लावून ठेवा, मेमे. बाहेरच्या बाजूला. उद्या पहाटे येते."

ती गेली. लॉरेटने नख ओढलं. पाऊण तासात कड बोथट होत नसते. भुगा निघाला, होता तेवढाच. बाहेर मुलगे काठ्या आपटत बर्फावर उतरले होते आणि त्यांच्या चारी कडांचा आवाज एकसारखा येत होता. लॉरेटने डब्यातून ब्रिएलचं कार्ड काढून त्यावर तारीख घातली, आणि मशीनचं चाक सुरू केलं.